जयराजच्या खिडकीवरच्या साळुंक्या

३ एप्रिल

आज डोकं फिरलं. जयराजच्या खोलीत केर काढायला गेले तर त्याच्या अंगावरच्या चादरीवर काड्या, पाचट, दुधाच्या पिशवीचा तुकडा आणि कसली तरी पिसं. खिडकीच्या वर एसीच्या नळीसाठी गवंड्यानं भोक ठेवलंय. एसी काही आला नाही, साळुंक्या आल्या. अख्खी जोडी, पिवळ्या चोचीची, आपल्या बापाचं घर असल्यासारखी आत-बाहेर करत होती.

ही खोली त्यानं त्याच्या पगारातून बांधली. लग्न झाल्यावर राहायला. फरशीसुद्धा त्यानं फोनवर व्हिडिओ बघून पसंत केली. दिवाळीनंतर ड्यूटीवर असताना त्यांची फौजेची गाडी दरीत गेली. पाठीचा मणका मोडला. पुण्याच्या सैन्याच्या हॉस्पिटलातून शिवरात्रीला घरी आणला. बेंबीच्या खाली काही कळत नाही. चिमटा घ्या, गरम पाणी ओता, काही नाही. सव्वीस वर्षांचं माझं पोरगं. आल्यापासून दोनच शब्द बोलतंय, ‘हं’ आणि ‘नको’.

मी काठी घेऊन भोकात घालणार तेवढ्यात म्हणाला, “राहू दे गं. त्यांचं काय जातंय.”

मी काठी धरून तशीच उभी. म्हटलं, “काय म्हणालास?”

“राहू दे म्हटलं. घर बांधत्यात.”

काठी खाली ठेवली. अंगणवाडीत रोजचं रजिस्टर लिहायची सवय होती, रजा टाकल्यापासून हातात पेन धरलं नव्हतं. आज धरलं. पोरगं एवढं बोललं, ते कुठंतरी लिहून ठेवावंसं वाटलं.

९ एप्रिल

साळुंकीनं त्याच्या ड्रेसिंगच्या पट्टीचा तुकडा पळवला. चोचीत लांबच लांब पट्टी, भोकात काही जाईना, नुसती ओढाताण. जयराज हसला! आवाज काढून हसला. मी स्वयंपाकघरातून पळत आले, हाताचं पीठ तसंच.

म्हणाला, “आई, बघ, काम सगळं एकटीच करतीया. दुसरा नुसता तारेवर बसून सुपरवायजरी.”

“तुझ्या बापागत,” म्हटलं.

हे उंबऱ्यातच उभे होते. आमचे हे, आप्पासो, जयराजचे आण्णा, ऊस सोडून कशावर बोलत नाहीत. तेसुद्धा हसले आणि लगेच डोळे पुसत पाण्याच्या पाळीला निघून गेले.

१७ एप्रिल

फिजिओथेरपीला अवधूत येतो, कराडहून, मोटरसायकलवर, एक दिवसाआड. चांगल्या घरचं पोरगं आहे, ‘काकू, काकू’ करतं. पण त्याचं ते सारखं हसतमुख असणं मला सोसत नाही. पाय उचलतो, वाकवतो, सरळ करतो. जयराज पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखा बघत राहतो.

जाताना अवधूत म्हणाला, “काकू, कधी मुंग्या आल्यासारखं, खाजल्यासारखं, ऊब लागल्यासारखं काही म्हणाला तर मला लगेच सांगायचं. पहिल्या वर्षात काही सांगता येत नाही.”

पुण्याच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं होतं. काही सांगता येत नाही. मी त्यातलं ‘नाही’ सोडते आणि बाकीचं मनात ठेवते. माझ्या नरड्याखाली घास उतरत नाही ते मात्र कुणाला सांगत नाही. ह्यांना वाटतं मी आधी जेवते, जयराजला वाटतं मी नंतर जेवते.

२ मे

पिल्लं झाली! सकाळपासून भोकात कलकलाट. ह्यांनी रहिमतपूरच्या बाजारातून सेल्फी काढायची काठी आणली. जयराज पडल्या पडल्या काठीला फोन लावतो, वर भोकापर्यंत नेतो आणि व्हिडिओ काढतो. तीन पिल्लं आहेत. नागडी, आंधळी, नुसती तोंडंच तोंडं. आई-बाप दिवसभर अळ्या, नाकतोडे आणतात. लाल तोंडं उघडतात, मिटतात.

दुपारी मला व्हिडिओ दाखवत होता. एका पिल्लाच्या मानेवर खसखस सांडल्यासारखं काहीतरी होतं. मला वाटलं हललं. म्हटलं, “हे काय रं?” त्यानं बोटांनी मोठं करून बघितलं आणि फोन बंद केला. “घाण आसंल,” म्हणाला.

भोकात पहिल्यापासूनच घाण आहे म्हणा. हिरवा लिंबाचा पालासुद्धा आणून टाकलाय आत. पाखरांना कसली हौस असते कोण जाणे.

११ मे

दोन दिवस झाले जयराज दंड खाजवत होता. उन्हाळा आहे, घामोळं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. काल छाती खाजवत होता. आज सकाळी अंग पुसताना पोटावर, बेंबीच्या शेजारी खसाखसा खाजवलं आणि म्हणाला, “लय खाज सुटलीया गं.”

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. दंड, मग छाती, मग बेंबी. खाली खाली येतंय!

मी बेंबीच्या खाली बोट लावलं. “इथं?”

तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. माझं तोंड कसं झालं होतं देवाला माहीत.

“जरा,” म्हणाला.

मांडीवर हात ठेवला. “इथं?”

“हं. जरा.”

“गुडघ्याला?”

“तितंबी वाटतंय. हलकं.”

मी दाराच्या चौकटीला डोकं टेकून रडले. मग शेताच्या बांधापर्यंत अनवाणी पळत गेले आणि ह्यांना हाक मारली. शेजारचे लोक साप निघाला म्हणून काठ्या घेऊन आले.

१२ मे

हे पहाटे अंघोळ करून सिद्धनाथाच्या देवळात गेले. गुरवाला कौल लावायला सांगितला. देवाच्या अंगाला दोन्ही बाजूंना तांदूळ चिकटवायचे आणि वाट बघायची. उजवीकडचा पडला की देव ‘व्हय’ म्हणाला, डावीकडचा पडला की ‘न्हाई’. ह्यांनी विचारलं, माझं पोरगं चालेल का. उजवा पडला म्हणे, आणि लगेच पडला.

मी आज दोन भाकरी खाल्ल्या, कांदा फोडून. जयराज माझ्या ताटाकडं बघत होता. म्हणाला, “आजून एक घे की.” घेतली.

कुंडलला माहेरी थोरल्या वहिनीला फोन केला. ती रडली, मी रडले. तिनं कुणाकुणाला सांगितलं असेल ते सांगायला नको, संध्याकाळपर्यंत माहेरचे सात फोन आले.

१६ मे

अवधूतशी भांडण झालं. माझं चुकलं की त्याचं, ते अजून कळत नाही.

आनंदानं सांगितलं त्याला. तो खुश झाला, पण लगेच जयराजला डोळे मिटायला लावले आणि टाचणी काढली. पायाच्या बोटाला टोचलं. “काही?” जयराज गप्प. घोट्याला, नडगीला, गुडघ्याला. गप्प. मांडीची पाळी आली तेव्हा अंदाजानं म्हणाला, “हां, तितं.” पण तेव्हा टाचणी अवधूतच्या हातात वर होती, पायाला लागलेलीच नव्हती.

अवधूतचा चेहरा उतरला. मग पायावरचे लाल ठिपके बघून म्हणाला, “काकू, ही अॅलर्जी दिसतेय. सगळीकडे पुरळ आलंय. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. तोवर हे लोशन लावा, खाज थांबेल.”

खाज थांबेल! मी म्हटलं, “सहा महिन्यांनी माझ्या लेकराच्या पायात जीव येतोय आन् तुमी तो दाबायला निघालाय व्हय? रक्त फिरतंय म्हणून ठिपके आल्यात.”

“काकू, तसं नसतं…”

“टाचणीनं कळतं व्हय सगळं? तुमचं तुमी ऱ्हाऊ द्या. उद्यापासनं येऊ नगा.”

त्यानं लोशनची बाटली कट्ट्यावर ठेवली आणि गेला. मी ती मोरीच्या फळीवर मागं सारली.

जयराज म्हणाला, “आई, त्याला कशाला बोललीस? चांगला हाय त्यो.” आवाज इतका बारीक होता की मला त्याचाच राग आला.

१९ मे

ठिपके वाढलेत. पोटरीवर दोन ठिकाणी कातडं गेलंय, मागून, चादरीला घासून असेल. हळद लावली. रक्त फिरायला लागलं की असं होत असणार. हे म्हणाले, डॉक्टरला बोलावू का. मी म्हटलं, आठ दिवस थांबा, देवानं उजवा दिलाय.

मलासुद्धा हाताला खाज येते. ह्यांनाही येते, त्यांच्या मानेला. उन्हाळा लय आहे यंदा.

दुपारी जयराजनं मधेच विचारलं, “आई, मामाकडं कोंबड्या व्हत्या न्हवं?”

मला बरं वाटलं, आपणहून काही विचारतोय. खूप सांगितलं. कुंडलला आमच्याकडं तीस-चाळीस कोंबड्या, संध्याकाळी खुराड्यात कोंडायचं काम माझं. उन्हाळ्यात खुराडं धुवायला आत शिरलं की अंगावर काय काय चढायचं, आठ-आठ दिवस अंग चावायचं, आई रॉकेलचं फडकं फिरवायची. ते सांगून मी हसले.

तो हसला नाही. “मग कळायचं का, कशानं चावतंय ते?” म्हणाला.

“न कळायला काय झालं? खुराड्यात गेलं की चावणारच.”

“हं,” म्हणाला आणि खिडकीकडं तोंड केलं. अलीकडं असाच मधेच गप्प होतो. पाय परत यायचे म्हणजे अंगाला ताण पडतच असेल.

२४ मे

पिल्लं उडाली. दोन सकाळीच गेली, तिसरं भोकाच्या तोंडाशी बसून बोंब मारत होतं. आई चोचीत अळी धरून तारेवर बसली, देईना. ये म्हणत होती, आणि घे. शेवटी ते पडल्यासारखं उडालं आणि लिंबावर जाऊन बसलं. जयराज बराच वेळ भोकाकडं बघत राहिला. मी म्हटलं, “आता तुझा नंबर.” बोलून गेले.

घरटं रिकामं झाल्यापासून खोली सुनी वाटते.

२७ मे

हे लिहायचं नव्हतं. पण खाज सुटली त्या दिवशी पानभर लिहिलं, तर आजचंही लिहायला पाहिजे.

तीन रात्री जयराजला झोप नाही. मान खाजवून रक्त काढलं. मी मनात खूश, कसली मेली आई मी! सकाळी ऊन खिडकीतून सरळ कॉटवर आलं होतं. धुतलेली पांढरी चादर कालच घातली होती. अंग पुसायला चादर ओढली, तर उन्हात चादर हलल्यासारखी वाटली. डोळे चोळले. टाचणीच्या टोकाएवढे किडे. काही मातकट, काही रक्त पिऊन लाल झालेले. भिंतीवर बघितलं, भोकापासून खिडकीच्या चौकटीवरून कॉटच्या लोखंडापर्यंत ओळ लागली होती.

खुराड्यातले किडे. तेच! ज्यांच्यात मी वाढले. आधी थोडे उतरत असतील, आता पाखरं उडून गेली, यांना खायला काही उरलं नाही, खाली माझं पोरगं होतं.

पायांवर सगळ्यात जास्त होते. मोज्याच्या काठाला, गुडघ्याच्या मागं, बोटांच्या बेचक्यात, त्या सोललेल्या जागी तर कडेनं बसले होते, गच्च. वरच्या अंगावर चावलं की तो खाजवायचा, झटकायचा. पायांवर कुणी झटकणार? पायांवर ते निवांत होते. माझ्या लेकराला तिथं काहीसुद्धा कळत नव्हतं.

मी त्याच्याकडं बघितलं. तो वर पंख्याकडं बघत होता.

“तुला म्हाईत व्हतं,” म्हटलं.

त्यानं पंख्यावरनं नजर काढली नाही.

“गुडघ्याला खाजतंय म्हणालास. मांडीला म्हणालास. जयराज, माझ्याकडं बघ. खाजत व्हतं का?”

“न्हाई.”

“कवाच न्हाई?”

“कवाच न्हाई, आई.”

मी किंचाळले. काय बोलले ते आठवत नाही. मेल्या, आईला फसवतोस, बापाला देवापुढं उभा करतोस, माहेरभर पेढे वाटले असते मी! तो ऐकत राहिला. मी थकल्यावर म्हणाला, “तू जेवायला लागली व्हतीस गं.”

पुढं म्हणाला, “दोन महिने बघत हुतो. ताट घेऊन अंगणात बसायचीस, घास फिरवायचीस आन् कुत्र्याला घालायचीस. मला हितनं खिडकीतनं दिसतंय सगळं. मला वाटलं, चार दिवस खाऊ दे. मग सांगू. मग आण्णांनी कौल लावला. मग कसं सांगू?”

२८ मे

ह्यांनी तोंडाला टॉवेल बांधून घरटं काढलं. टोपलीभर निघालं. काड्या, पिसं, प्लॅस्टिक, ड्रेसिंगची पट्टी, सापाची कात, वाळलेला लिंबाचा पाला. रानात नेऊन पेटवलं. मी चादरी, कपडे उकळले, गादी उन्हात टाकली, भिंत औषधाच्या पाण्यानं पुसली. कराडहून डॉक्टर बोलावले. पायाच्या जखमांत पू झालाय, रोज ड्रेसिंग, इंजेक्शनं. म्हणाले, आणखी आठ दिवस गेले असते तर पाय काढायची वेळ आली असती. मी मान खाली घालून ऐकलं. मोरीच्या फळीवरची बाटली काढून त्यांना दाखवली. म्हणाले, हेच लोशन, हेच लावायला पाहिजे होतं.

हे अंगणात बसून होते. म्हणाले, “देवानं उजवा दिला व्हता गं.”

“देवाला काय बोल लावताय? आपण काय दाखवलं त्याला? खोटीच गोष्ट घेऊन गेलो.”

“मी खरंच विचारलं व्हतं,” म्हणाले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

१ जून

अवधूतला फोन केला. म्हटलं, “आवं, चुकलं माझं. येता का?” तो म्हणाला, “काकू, मी वाटच बघत होतो.” दुपारी आला. किड्यांचं ऐकून एका शब्दानं मला बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

साळुंक्यांची जोडी परत आलीय. पुन्हा त्याच भोकात अंडी घालायची असणार. चोचीत काडी घेऊन येतात, भोकाच्या तोंडाशी थांबतात, आत डोकावतात. ह्यांनी सिमेंट कालवलं, पण हात उचलेना. जयराजला विचारलं.

“बुजवा,” म्हणाला.

“तुला करमत व्हतं त्यांच्यामुळं.”

“बुजवा आण्णा. मला पाय सांभाळायचं हायत. नुसतं हायत म्हणून तरी.”

ह्यांनी भोक बुजवलं. साळुंक्या तारेवर बसून संध्याकाळपर्यंत ओरडत होत्या.

६ जून

किडे गेले. खाज कुणालाच नाही. जखमा सुकतायत. ही चांगली बातमी आहे आणि ती मी रोज स्वतःला सांगते. खाज गेली तेव्हा सगळंच गेलं, हेही खरं आहे. जेवते मी. न जेवून भागत नाही, तो बघतो.

त्या दिवसापासून अंग पुसताना मी बोलत नाही. पाणी, फडकं, पावडर, कूस बदलायची, झालं. आज पायांशी आले तेव्हा तो म्हणाला, “विचारत न्हाईस आता?”

“काय विचारू?”

“ते. इथं, इथं म्हणायचीस ते.”

“नगं रं जयराज.”

“विचार. आता खरं सांगतो.”

मी पायाच्या अंगठ्यावर हात ठेवला. म्हटलं, “इथं?”

“न्हाई.”

घोट्यावर. “इथं?”

“न्हाई.”

नडगी, गुडघा. ड्रेसिंग सोडून मांडी. “न्हाई. न्हाई. न्हाई.” प्रत्येक वेळी तो माझ्याकडं सरळ बघत होता आणि मी त्याच्याकडं. दोघांचेही डोळे वाहत होते, पण कुणी थांबलं नाही. कंबर. “न्हाई.” ओटीपोट. “न्हाई, आई.”

बेंबीच्या वर बोटभर हात सरकवला. “इथं?”

“हां,” म्हणाला. “इथं कळतंय. तुझा हात लय गार हाय.”

मी हात काढला नाही.